जुने रिव्हॉल्व्हर विकत घेताना: यांत्रिक तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती शस्त्र परवाना असलेल्या आणि परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडून वापरलेले रिव्हॉल्व्हर घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडच्या जुन्या बाजारात मुख्यतः .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर असतात: कानपूरच्या सरकारी कारखान्यातली, जुनी वेब्ली, थोडी स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट. .३८ बोअर प्रतिबंधित असल्याने सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. १९८० च्या दशकात खासगी आयात जवळपास बंद झाली आणि जुन्या विलायती शस्त्रांच्या किमती नावावर ठरू लागल्या. नाव कितीही मोठे असो, झिजलेला दात झिजलेलाच असतो.

हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय करायचे?

नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून सिलिंडर उघडा. सहाही चेंबर (काडतूस बसते ती सिलिंडरमधली भोके) डोळ्यांनी पाहा आणि प्रत्येकात करंगळीचे टोक घालून खात्री करा. मग विक्रेत्यालाही पाहायला सांगा. शस्त्र काउंटरवर ठेवून पुन्हा उचलले, की हे सगळे पुन्हा करायचे. तपासणीच्या टेबलावर एकही जिवंत काडतूस नको. पुढच्या बहुतेक चाचण्यांत चाप ओढावा लागतो, म्हणून याला पर्याय नाही.

सोबत काय न्यावे?

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, न्या. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, पाती ०.०५ मिमीपासून असावीत. त्याशिवाय पेनएवढी टॉर्च, भिंग, पांढऱ्या कागदाचा तुकडा, सुती कापड आणि एक साधी गोल पेन्सिल. सहा डमी किंवा उडवलेली रिकामी काडतुसे विक्रेत्याकडे मागा. गेज नसेल तर झेरॉक्सचा कागद चालतो. ७५ ते ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो.

बाहेरून पाहून कितपत कळते?

बरेच कळते, पण चमक बघून नाही. चमक हीच फसवणारी गोष्ट आहे. जुन्या शस्त्राला पॉलिश करून नवे ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) दिले, की ते शोकेसमध्ये नवेकोरे दिसते. ओळखायची जागा म्हणजे कोरलेली अक्षरे. कारखान्याचा शिक्का कडेने धारदार असतो. बफ मारलेल्या शस्त्रावर तो बुजतो, एखादे अक्षर अर्धे पुसले जाते, फ्रेमच्या कडा गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट दिसतात. पॉलिशखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर गंज खोल गेलेला होता असे समजा.

स्क्रूंच्या खाचा भिंगातून पाहा. त्या चेंबलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने शस्त्र उघडले आहे, आणि असा माणूस आत काय करून गेला ते बाहेरून दिसत नाही.

मुठीच्या दोन्ही पट्ट्या काढून पाहण्याचा आग्रह धरा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात वापरलेल्या शस्त्राचा खरा इतिहास पट्ट्यांखाली असतो, कारण घाम आणि दमट हवा तिथे साठते आणि तेलाचे कापड तिथवर पोचत नाही. वर्षानुवर्षे चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेल्या शस्त्रावरही खड्डे पडतात, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने लोखंडाला खातात. निवडणुकीच्या काळात अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तेल न लावता दोन-तीन महिने पडून राहिलेल्या शस्त्राच्या नळीत तेवढ्यातही गंज धरू शकतो.

टायमिंग म्हणजे काय, आणि ते कसे तपासायचे?

टायमिंग म्हणजे प्रत्येक चेंबर वेळेवर नळीसमोर नेमका येऊन अडणे. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या तपासणीत सर्वाधिक वेळ इथे द्यावा. पिस्तुलात चेंबर नळीचाच भाग असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा चेंबर फिरत येऊन एकामागून एक नळीसमोर उभे राहतात, आणि गोळीला मधली फट ओलांडून नळीत शिरायचे असते. चेंबर केसभर जरी बाजूला थांबला, तरी गोळीची कड नळीच्या तोंडाला घासते. कापलेले शिसे आणि गरम वायू बाजूने बाहेर उडतात, शेजारी उभ्या असलेल्याच्या चेहऱ्याला लागू शकतात, आणि नळीच्या मागच्या तोंडावर प्रत्येक गोळीगणिक मार बसतो.

सिलिंडर फिरवण्याचे काम पॉल करतो. ही बोटासारखी एक छोटी पट्टी असते. घोडा (मागे ताणून पुढे आपटणारा हातोडीसारखा भाग) मागे जाताना ती वर सरकते आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूला असलेल्या दातांच्या चक्राला, म्हणजे रॅचेटला, ढकलते. नेमक्या जागी आल्यावर खालून एक दात सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि सिलिंडर अडतो. या दाताला सिलिंडर स्टॉप म्हणतात. काही बनावटींत तो चापाचाच भाग असतो.

चाचणी अशी. सहाही चेंबरमध्ये डमी किंवा रिकामी काडतुसे भरा. काही बनावटींत रिकाम्या सिलिंडरमध्ये एक्स्ट्रॅक्टर जरासा हलतो आणि खोटा दोष दिसतो, म्हणून हे भरणे गरजेचे आहे. आता एका हाताचे बोट सिलिंडरवर अगदी हलके टेकवा, आगपेटीच्या काडीवर ठेवल्याइतके. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोडा खूप हळू मागे घ्या. दोन आवाज येतील: स्टॉप खाचेत बसल्याचा बारीक ‘टिक्’ आणि घोडा पूर्ण मागे अडकल्याचा आवाज. ‘टिक्’ आधी किंवा फार तर बरोबरीने यायला हवा. घोडा अडकला, पण सिलिंडर अजून मोकळा आहे आणि बोटाने पुढे ढकलल्यावर मग ‘टिक्’ झाला, तर टायमिंग मागे पडले आहे. सहाही चेंबरवर हे करा आणि कोणत्या चेंबरला काय झाले ते लिहून घ्या. मग हीच चाचणी चाप हळू ओढून, डबल ॲक्शनमध्ये करा.

घोडा झटकन मागे घेतला की सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन बसतो आणि दोष झाकला जातो. विक्रेता झटपट खटखट करून दाखवत असेल, तर शस्त्र मागून घ्या आणि स्वतः हळू करा.

फक्त एक-दोन चेंबर मागे पडत असतील तर?

तर रॅचेटचे तेवढेच दात झिजलेले किंवा चेपलेले आहेत. सहाही चेंबर सारखेच मागे पडत असतील तर पॉल आखूड झाला आहे. दुसरी गोष्ट तुलनेने सोपी, कारण पॉल बदलता येतो. रॅचेटचे काम नाजूक असते आणि परदेशी शस्त्राचा एक्स्ट्रॅक्टर मिळवणे कठीण. उलट प्रकारही दिसतो: सिलिंडर जागेवर थांबण्याऐवजी पुढे निसटतो. तेव्हा स्टॉपची स्प्रिंग मेलेली असते किंवा खाचेची कड ठोके खाऊन चेपलेली असते. भिंगातून खाचांच्या कडा पाहा. एका बाजूला धातूचा ओठ बाहेर आलेला दिसला, तर शस्त्र फार वेगाने आणि फार वेळा चालवले गेले आहे.

सिलिंडर थोडा हलतो. तो दोष आहे का?

कधी आणि किती हलतो त्यावर आहे. चाप सोडलेला असताना थोडी हालचाल बहुतेक सगळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये असते, तिच्यावरून काही ठरवू नका. घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली सोडा, चाप पूर्ण मागे दाबून धरा आणि मग सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहा. गोळी सुटतानाची स्थिती हीच. स्मिथ अँड वेसनमध्ये इथे किंचित हालचाल चालते. जुन्या कोल्टमध्ये सिलिंडर जवळपास दगडासारखा घट्ट असायला हवा, आणि तो हलत असेल तर ती झीज आहे. कोणत्याही बनावटीत सहा चेंबरमध्ये हालचाल कमी-जास्त असेल, तर सर्वात सैल चेंबर हीच त्या शस्त्राची प्रत.

सिलिंडर आणि नळीमधली फट किती असावी?

०.१० ते ०.१५ मिमी उत्तम. ०.२० पर्यंत चालते. ०.२५ किंवा जास्त असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा, नाहीतर सोडा. ०.०५ पेक्षा कमी फटही वाईट, कारण काही गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर घासू लागतो. कागदाने मोजत असाल तर एक कागद सहज जावा, दोन जेमतेम. तीन गेले तर शस्त्र खाली ठेवा.

फट दोनदा मोजायची: एकदा सिलिंडर मागे दाबून, एकदा पुढे दाबून. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल, एंडशेक. ती ०.०५ मिमीपर्यंत ठीक. ०.१० झाली तर प्रत्येक गोळीला सिलिंडर हातोड्यासारखा फ्रेमवर आदळतो आणि हालचाल वाढतच जाते. घोड्याची पिन काडतुसाच्या टोप्यावर (बुडातल्या स्फोटक टोपीवर) पुरेशी न आपटण्याचे कारणही कधी कधी हेच असते. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या शस्त्रात पातळ वॉशर घालून ही हालचाल काढता येते.

फट सहाही चेंबरवर मोजा. एका जागी ०.१० आणि समोरच्या जागी ०.२० आली, तर सिलिंडरचा आस वाकलेला आहे किंवा सिलिंडरचे तोंड सरळ नाही. हा दोष सहसा सिलिंडर मनगटाच्या झटक्याने उघडण्या-मिटण्यातून येतो.

मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळे काय पाहायचे?

वेब्ली आणि तिच्याच धर्तीवर कानपूरला बनलेले .३२ रिव्हॉल्व्हर या प्रकारातले. अंगठ्याने बाजूची कळ दाबली की वरचा खटका सुटतो आणि नळी बिजागरीवर खाली वळते. बाजूला सिलिंडर उघडणारे ‘प्रबल’ कानपूरहून २०२३ मध्ये आले, त्यामुळे जुन्या बाजारातले बहुतेक देशी रिव्हॉल्व्हर मोडून उघडणारेच असते.

याचा जीव खटका आणि बिजागरी या दोन जागांत असतो. शस्त्र मिटवा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळी धरा, आणि नळी वर-खाली व डावी-उजवीकडे रेटून पाहा. काहीही हलता कामा नये. वर-खाली हलते तर खटका झिजला, बाजूला हलते तर बिजागरीचा स्क्रू किंवा त्याचे भोक. मग शस्त्र टॉर्चसमोर धरून वरच्या पट्टीचा आणि फ्रेमचा सांधा पाहा. तिथून प्रकाशाची रेघ दिसली, तर प्रत्येक गोळीला नळी किंचित उघडू पाहते आहे. या शस्त्रांत फट मोजताना नळी वर रेटून एकदा आणि खाली रेटून एकदा माप घ्या. दोन्ही मापे सारखी यायला हवीत.

खटका कळ न दाबता, नुसत्या रेट्याने उघडत असेल तर विचारच करू नका.

शेवटी सहा रिकामी काडतुसे भरून शस्त्र उघडा. एक्स्ट्रॅक्टर सरळ वर यावा, सगळी काडतुसे बाहेर टाकावीत आणि नळी पूर्ण खाली गेल्यावर फटकन आत बसावा. तो अर्ध्यात अडकत असेल तर आत घाण आहे, स्प्रिंग गेली आहे किंवा दांडा वाकला आहे. एखादे काडतूस एक्स्ट्रॅक्टरच्या खाली घसरत असेल, तर त्याच्या चांदणीची ती कड झिजली आहे.

नळी आतून कशी तपासायची?

आधी कोरडे कापड फिरवायला लावा, कारण तेल खड्डे झाकते. मग शस्त्र उघडून, मागच्या बाजूला पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारा आणि पुढून पाहा. आटे (नळीच्या आतल्या पिळदार खोबणी) कडेला धारदार आणि तोंडापासून शेवटपर्यंत सारखे दिसावेत. थोडे काळे ठिपके अचूकतेला फारसे मारत नाहीत. धोकादायक असते ती आडवी काळी कंकणासारखी रेघ. एखादे काडतूस कमी दाबाचे निघाले, गोळी नळीत अडकली आणि ते न कळता दुसरी मागून झाडली, की नळी तिथे फुगते. बाहेरून नखाने चाचपल्यावर कधी उंचवटाही लागतो. घट्ट कापड दांड्याने ढकलताना एका जागी अचानक सैल वाटले, तर फुगवटा तिथेच आहे. अशी नळी दुरुस्त होत नाही.

नळीचे मागचे तोंड, म्हणजे गोळी शिरते तो शंकू, भिंगाने पाहा. उभी चीर दिसली तर व्यवहार संपला. एकाच बाजूला शिशाचा थर असेल तर टायमिंगची चाचणी परत करा. पुढच्या तोंडाच्या कडेवर ओरखडे असतील तर गोळी भरकटते. दांडा तिरका घालून साफसफाई केल्याने हे होते.

चेंबरमध्ये काय पाहायचे?

खड्डे आणि फुगवटा. खड्ड्यांत उडवलेले काडतूस धरून बसते. दोन-तीनच उडवली की एक्स्ट्रॅक्टर जोराने ढकलावा लागतो. फुगवटा शोधायची सोपी रीत: एकच काडतूस सहाही चेंबरमध्ये घालून हलवा, एका ठिकाणी जास्त सैल वाटले तर तो चेंबर संशयित. बाहेरून स्टॉपच्या खाचांची जागा पाहा. अनेक सिलिंडरमध्ये भिंत तिथे सर्वात पातळ असते आणि चीर तिथूनच सुरू होते.

घोडा, चाप आणि पिन कशी तपासायची?

घोडा पूर्ण मागे घ्या, बोट चापापासून दूर ठेवा आणि अंगठ्याने घोडा मागून पुढे दाबा, मध्यम जोराने. तो निसटला तर आतली पकडीची खाच झिजली आहे किंवा चाप हलका करण्यासाठी कुणीतरी घासली आहे. घोडा मागे असताना चाप साधारण दीड किलोच्या ओढीला सुटावा. एक किलोच्याही आत सुटणारा चाप सफाईदार वाटतो, पण तो धोक्याचा.

चाप सोडल्यावर घोडा किंचित मागे सरकून बसतो का आणि पिनचे टोक आत जाते का, ते पाहा. टोक बाहेरच राहत असेल तर शस्त्र पडल्यावर गोळी सुटू शकते.

पिनच्या माऱ्यासाठी पेन्सिल. शस्त्र रिकामे असल्याची पुन्हा खात्री करा, डमी काढा, नळी वर छताकडे धरा आणि पेन्सिलचे सपाट बूड नळीतून आत सोडा. साधी पेन्सिल सुमारे ७ मिमीची असते आणि .३२ च्या नळीत मोकळी उतरते. चेहरा बाजूला ठेवून चाप ओढा. पेन्सिल उडी मारते. सहाही चेंबरवर उडी जवळपास सारखी असावी. सगळीकडे मरगळलेली असेल तर मुख्य स्प्रिंग थकली आहे किंवा कापली आहे, एकाच चेंबरवर कमी असेल तर एंडशेक आणि टायमिंग पुन्हा बघा. .२२ रिमफायरवर ही चाचणी करू नका. त्यात पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि दोन्ही बिघडतात.

.३२ म्हटले की काडतूस एकच ना?

नाही. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, म्हणजे ७.६५ × २३ मिमी. पिस्तुलाचे .३२ हे ७.६५ × १७ मिमी आणि वेगळ्या दाबाचे. ते काही रिव्हॉल्व्हरमध्ये शिरते, पण म्हणून वापरायचे नसते. काही जुनी छोटी रिव्हॉल्व्हर आखूड .३२ स्मिथ अँड वेसनसाठी बनलेली आहेत, त्यांत लाँग पूर्ण बसत नाही. नळीवर कोरलेले वाचा आणि परवान्यावरचे वर्णन त्याच्याशी जुळते का पाहा.

गोळी झाडून पाहणे आवश्यक आहे का?

शक्य असेल तर हो, परवानगी असलेल्या रेंजवर आणि आर्मररच्या (शस्त्रांच्या जाणकार कारागिराच्या) उपस्थितीत. बारा ते अठरा गोळ्या पुरतात. नंतर काडतुसांची बुडे पाहा. पिनची खूण टोप्याच्या मधोमध असावी, एका चेंबरची बाजूला गेली असेल तर तो चेंबर नीट समोर येत नाही. फुगलेले, चिरलेले काडतूस त्या चेंबरचा दोष सांगते. फटीच्या दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा करा. त्यावर काजळी येणारच, शिशाचे तुकडे रुतलेले मात्र नकोत.

कोणता दोष पत्करावा, कोणता नाही?

थकलेली स्प्रिंग, आखूड पॉल, मर्यादित एंडशेक, तुटकी मूठ, चेंबलेले स्क्रू: भाव कमी करून घ्या. फ्रेमला किंवा सिलिंडरला चीर, फुगलेली नळी, फुगलेला चेंबर, झिजलेली बिजागरी: फुकट मिळाले तरी नको. मध्ये उरतात ती दुर्मीळ परदेशी शस्त्रे, ज्यांचे सुटे भाग इथे मिळत नाहीत. तिथे छोटा दोषही मोठा धरावा. सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळणारे, साधे कानपुरी रिव्हॉल्व्हर हे हलत्या विलायती शस्त्रापेक्षा चांगली खरेदी आहे.

छोटी दुरुस्ती घरी करता येईल का?

साफसफाई आणि तेल, एवढेच. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो, तेव्हा काम अशा परवानाधारक कारागिराकडेच द्या. पकडीची खाच कानशीने घासणे हा तर अपघाताला दिलेला हात आहे.

कागदांत काय पाहायचे?

फ्रेमवरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवा. घासलेल्या, खोडलेल्या क्रमांकाच्या शस्त्राला हात लावू नका, कायद्याने ते विकता येत नाही. व्यक्तीकडून व्यक्तीकडे विक्री असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारसाने आलेलीही त्यात धरतात.

विक्रेता हे सगळे करू देत नसेल तर?

बाजूचे झाकण उघडायला किंवा रिकामा चाप शंभरदा ओढायला तो नाही म्हणाला, तर ते रास्त आहे. घोडा हळू मागे घेणे, फटीत पाते घालणे, मुठीच्या पट्ट्या काढणे आणि नळीत कोरडे कापड फिरवणे याला नकार असेल, तर ठेवून निघा. या चार गोष्टींना वीस मिनिटे लागतात आणि शस्त्राला ओरखडाही पडत नाही.